पाच राउंड झाले, आणि मग कोणी बोललेच नाही

वाचकांचे प्रश्न : सॉफ्टवेअर कंपन्यांच्या मुलाखती

सॉफ्टवेअर कंपन्यांच्या मुलाखतींविषयी प्रश्न पाठवावेत असे आवाहन आम्ही मागील अंकात केले होते. आलेली बहुतेक पत्रे नागपूर आणि आसपासची आहेत. त्यांत मिहानमध्ये नोकरी करणारे आहेत, परसोडीच्या आयटी पार्कमधून बाहेर पडू पाहणारे आहेत, हिंगणा रोडवरच्या महाविद्यालयांत शेवटच्या वर्षाला असलेली मुले आहेत आणि त्यांचे आईवडीलही आहेत. मी या क्षेत्रात मुलाखती दिल्या आहेत आणि पुढे अनेक वर्षे घेतल्याही आहेत. ही पत्रे वाचताना एक गोष्ट सारखी टोचत राहिली, ती म्हणजे उमेदवार खूप सोसतात आणि फार थोडे विचारतात. त्यामुळे खालील उत्तरांत ‘आधी विचारून घ्या’ हा सल्ला वारंवार येईल, आणि तो मी जाणूनबुजून देते आहे.

प्रश्न : मी दोन वर्षे एका लहान कंपनीत टेस्टिंगचे काम केले असून आता डेव्हलपमेंटमध्ये जाण्याचा प्रयत्न करते आहे. मे महिन्यात एका कंपनीचा ऑनलाइन कोडिंग राउंड झाला. कूलरचा आवाज माइकमध्ये जाईल म्हणून तो बंद केला होता, दार लावून घेतले होते, आणि समोरच्या सरांचा कॅमेरा बंद होता. दिलेल्या शब्दात एकदाच आलेले पहिले अक्षर शोधायचे, एवढाच प्रश्न होता. पंचेचाळीस मिनिटांत मला तो सोडवता आला नाही. मुलाखत संपल्यावर स्वयंपाकघरात जाऊन पाणी प्यायले, परत आले आणि तोच प्रोग्राम वहीत दहा मिनिटांत लिहिला. आईने “का म्हणलं त्यायनं?” असे विचारले तेव्हा मला रडू आवरले नाही. मी या कामाला लायक नाही असे समजावे का?
– एक वाचक, मानेवाडा

उत्तर : तसे मुळीच समजू नका. तुमच्याच पत्रात याचा पुरावा आहे, कारण जो प्रोग्राम पंचेचाळीस मिनिटांत जमला नाही तो दहा मिनिटांत जमला, आणि या दोन्हींच्या मध्ये तुम्ही एक पेला पाणी प्यायलात, कोणतेही पुस्तक वाचले नाही.

या अनुभवाचा अभ्यास झालेला आहे. नॉर्थ कॅरोलिना स्टेट युनिव्हर्सिटी आणि मायक्रोसॉफ्ट येथील संशोधकांनी २०२० मध्ये एक प्रयोग प्रसिद्ध केला. त्यात संगणकशास्त्राच्या ४८ विद्यार्थ्यांना फळ्यावर एक तांत्रिक प्रश्न सोडवायला दिला होता. काहींनी तो मुलाखतकारासमोर, डोक्यातला विचार मोठ्याने बोलत सोडवायचा होता, आणि बाकीच्यांना त्याच कामासाठी खोलीत एकटे सोडले होते. ज्यांच्यावर कोणाची तरी नजर होती, त्यांची कामगिरी निम्म्याहूनही खाली घसरली. त्याहून अस्वस्थ करणारी बाब अशी की, मुलाखतकारासमोर सोडवणाऱ्या गटातील एकही स्त्री यशस्वी झाली नाही, तर एकटीने सोडवणारी प्रत्येक स्त्री यशस्वी झाली. प्रयोगातील स्त्रियांची संख्या थोडी होती, त्यामुळे त्यावरून सर्वांना लागू पडणारा नियम काढता येणार नाही; तरीही हा राउंड प्रोग्रामिंगइतकेच उमेदवाराच्या धास्तीचेही मोजमाप घेतो, हे त्यातून स्पष्ट दिसते. दुर्दैवाने कंपन्या ही पद्धत लवकर सोडतील असे मला वाटत नाही. म्हणून सराव करायचा तो कोणी पाहत असताना विचार करण्याचा. आठवड्यातून दोनदा एखाद्या मैत्रिणीला अर्धा तास समोर बसवा आणि तिच्यासमोर बोलत बोलत प्रश्न सोडवा. तिला प्रोग्रामिंग येत नसले तरी काही बिघडत नाही.

आता त्या प्रश्नाकडे पाहू. समजा, दिलेला शब्द ‘कनक’ आहे. पहिल्या फेरीत प्रत्येक अक्षर किती वेळा आले ते मोजायचे : क दोनदा, न एकदा. दुसऱ्या फेरीत त्याच क्रमाने पुढे जात, ज्याची मोजणी एक आहे ते पहिले अक्षर परत करायचे, म्हणजे न. हे तुम्हाला येत होते, पण बहुधा तुम्ही पहिल्याच झटक्यात सर्वांत वेगवान उत्तर शोधत राहिलात. मुलाखत घेणाऱ्या पॅनेलकडे असलेल्या गुणपत्रकात अचूक कोड हा एक रकाना असतो. प्रश्न नीट समजून घेतला का, विचार कसा मांडला, स्वतःचा कोड स्वतः तपासला का, हेही रकाने त्याच कागदावर असतात. त्यामुळे “रिकामा शब्द दिला तर काय परत करायचे? इंग्रजीतली मोठी आणि लहान अक्षरे (A आणि a) एकच मानायची का?” असे दोन प्रश्न आधी विचारावेत, मग प्रत्येक अक्षराची बाकी सर्व अक्षरांशी तुलना करण्याचा साधा, संथ मार्ग सांगून टाकावा आणि त्यानंतर सुधारणेकडे वळावे. “मला दोन मिनिटे शांतपणे विचार करू द्याल का?” असे म्हटल्याने गुण जात नाहीत. मी घेतलेल्या मुलाखतींत ज्यांनी असे म्हटले, त्यांच्याविषयी माझे मत चांगलेच झाले.

बंद कॅमेऱ्याबद्दल मला माझी स्वतःची एक चूक सांगायला हवी. काही वर्षांपूर्वी मी एका मुलाची मुलाखत घेत होते. तो सुरुवातीला छान बोलत होता आणि मग एकाएकी गप्प झाला. आम्हा दोघांनाही दिसणाऱ्या सामायिक पानावर नुसता कर्सर लुकलुकत होता. त्याची निवड झाली नाही. पुढे एका कार्यक्रमात तो भेटला तेव्हा त्याने सांगितले की, माझ्या कीबोर्डचा आवाज त्याला ऐकू येत होता आणि प्रत्येक टकटकीबरोबर मी त्याच्या नावापुढे काट मारते आहे असे त्याला वाटत होते. मी तेव्हा त्याची चांगली वाक्ये टिपून घेत होते. त्यानंतर मी कॅमेरा बंद ठेवून कधीही मुलाखत घेतली नाही, आणि “मधूनमधून मी टिपणे काढेन, त्याकडे लक्ष देऊ नका” असे सुरुवातीलाच सांगू लागले. सगळे मुलाखतकार हे सांगत नाहीत. तुम्ही मात्र “शक्य असेल तर कॅमेरा सुरू ठेवाल का?” असे नम्रपणे विचारू शकता.

आणि कूलर बंद करू नका. आपल्याकडे मे महिन्यात पारा पंचेचाळीसच्या घरात जातो. अशा दुपारी बंद खोलीत बसून कोणाचेही डोके चालणार नाही. माइक असलेला साधा इअरफोन लावा, आदल्या दिवशी त्याच वेळी त्याच खोलीत एखाद्या मित्राला कॉल करून आवाज तपासा, आणि सुरुवातीलाच सांगा की, मागे कूलर आहे व वीज गेल्यास मोबाइलच्या हॉटस्पॉटवरून दोन मिनिटांत परत जोडले जाऊ. शक्य असेल तर सकाळची वेळ मागून घ्या. ती सहसा मिळते, फक्त मागावी लागते.

प्रश्न : मला सात वर्षांचा अनुभव आहे. बंगळुरूच्या एका कंपनीने एचआरचा (मनुष्यबळ विभागाचा) फोन, ऑनलाइन टेस्ट, दोन तांत्रिक राउंड, एक सिस्टीम डिझाइनचा (मोठ्या सॉफ्टवेअरचा आराखडा मांडण्याचा) राउंड आणि वर शनिवार-रविवार जाईल एवढी असाइनमेंट असे सगळे करून घेतले. यासाठी मी तीन वेळा तब्येतीचे कारण सांगून रजा घेतली. शेवटी “तुमचे खूप चांगले झाले, दोन दिवसांत कळवतो” असे सांगण्यात आले. त्याला साडेतीन आठवडे झाले. फोन उचलला जात नाही, मेसेजवर निळ्या खुणा दिसतात. माझे काय चुकले?
– एक वाचक, त्रिमूर्तीनगर

उत्तर : तुमचे काही चुकले असण्याची शक्यता फार कमी आहे. अशा शांततेमागची जी कारणे मी आतून पाहिली आहेत, ती अशी : मंजूर झालेली जागा मध्येच गोठवली जाते, पहिल्या पसंतीच्या उमेदवाराला ऑफर दिलेली असते आणि तो नाही म्हणाला तर दुसरा हाताशी असावा म्हणून तुम्हाला ‘होल्ड’वर ठेवलेले असते, ज्या व्यवस्थापकाला माणूस हवा होता त्याचीच बदली होते, किंवा तुमच्याशी बोलणारी व्यक्ती कंपनीची नसून बाहेरच्या एजन्सीची असते आणि तिलाच आतले काही कळत नाही. यांपैकी एकही कारण उमेदवाराला दोन ओळींचे उत्तर न देण्याचे समर्थन करू शकत नाही. ज्या माणसाने आपल्या तीन रजा आणि एक शनिवार-रविवार दिला, त्याला ‘नाही’ हा शब्द ऐकण्याचा हक्क आहे, आणि भरती करणाऱ्या माझ्या व्यवसायबंधूंना मी हे इथे स्पष्टपणे सांगू इच्छिते.

इतक्या राउंडची गरज असते का, हाही प्रश्न आहे. गूगलने स्वतःच्या मुलाखतींची आकडेवारी तपासली तेव्हा चार मुलाखतींनंतर निर्णयाबद्दलची खात्री सुमारे ८६ टक्क्यांपर्यंत पोहोचते आणि त्यापुढच्या प्रत्येक मुलाखतीने त्यात अगदी किरकोळ भर पडते, असे त्यांना आढळले. त्याच कंपनीचे तत्कालीन मनुष्यबळ प्रमुख लास्लो बॉक यांनी २०१३ मध्ये, विमानात किती गोल्फचे चेंडू मावतील अशा धर्तीची कोडी उमेदवाराविषयी काहीच सांगत नाहीत, हे जाहीरपणे मान्य केले होते. आपल्याकडच्या पुष्कळ कंपन्यांनी ती कोडी आणि ते राउंड उत्साहाने उचलले, पण पुढचे निष्कर्ष मात्र उचलले नाहीत.

पुढच्या वेळी एचआरच्या पहिल्याच फोनवर चार गोष्टी विचारून लिहून घ्या : एकूण राउंड किती, प्रत्येक राउंड कोण घेणार आणि किती वेळाचा, असाइनमेंट आहे का, आणि शेवटच्या राउंडनंतर निर्णय किती दिवसांत कळतो. फोन संपल्यावर हेच चार मुद्दे मेलने पाठवून ‘मी हे बरोबर समजलो ना’ असे विचारा. असाइनमेंटला तीन-चार तासांहून जास्त वेळ लागेल असे दिसले तर तसे सांगून तिचा आवाका कमी करून मागा, आणि काम तुमच्याच ऑनलाइन खात्यावर ठेवून त्याचा दुवा पाठवा. खरोखर कंपनीच्या उत्पादनाचा एखादा भाग बांधून मागितला असेल, तर त्याचा मोबदला मिळेल का असे विचारणे पूर्णपणे रास्त आहे.

सध्याच्या बाबतीत, आठवडाभराच्या अंतराने दोन मेल पाठवा. दुसऱ्या मेलमध्ये ‘अमुक तारखेपर्यंत उत्तर न आल्यास मी ही प्रक्रिया संपली असे समजेन’ असे शांत शब्दांत लिहा आणि तारीख उलटली की खरोखरच तसे समजा. फोन करू नका. सर्वांत महत्त्वाचे म्हणजे तोंडी होकारावर राजीनामा देऊ नका. तुमचा नोटीस पिरियड नव्वद दिवसांचा असेल, तर हातात लेखी ऑफर, त्यात पगाराची फोड आणि रुजू होण्याची तारीख असल्याशिवाय तो सुरू करणे धोक्याचे आहे. ऑफर हातात असूनही रुजू होण्याची तारीख महिनोन् महिने पुढे ढकलली गेलेले उमेदवार २०२२ नंतर आपण सर्वांनीच पाहिले आहेत.

प्रश्न : माझा मुलगा यंदा बी.ई. झाला. धंतोलीतील एका कन्सल्टन्सीने फोनवर दहा मिनिटांची मुलाखत घेऊन निवड झाल्याचे सांगितले. आता पंचेचाळीस हजार रुपये ‘ट्रेनिंग’चे, दोन वर्षांचा बाँड आणि मूळ गुणपत्रिका जमा करायच्या आहेत. मुलगा म्हणतो, सगळीकडे असेच चालते. मी शेतकरी आहे, मला यातले कळत नाही. पैसे भरावेत का?
– एक पालक, काटोल

उत्तर : दादा, पैसे भरू नका आणि मूळ कागद कोणाच्याही हाती देऊ नका. तुम्हाला यातले कळत नाही असे तुम्ही लिहिले आहे, पण तुम्हाला शंका आली, आणि ती अगदी योग्य ठिकाणी आली. नोकरी देणारी खरी कंपनी पगार देते, ती उमेदवाराकडून पैसे घेत नाही; ट्रेनिंगचे नाही, लॅपटॉपच्या अनामतीचे नाही आणि व्हेरिफिकेशनचेही नाही. मूळ कागदपत्रे तपासून त्याच टेबलावर परत करायची असतात. मुलाला एवढेच करायला सांगा : ज्या कंपनीत लावून देणार म्हणतात तिचे नाव लेखी मागायचे, त्या कंपनीच्या अधिकृत संकेतस्थळावर ती जागा आहे का ते पाहायचे, आणि तिथल्या पत्त्यावर मेल करून या कन्सल्टन्सीशी त्यांचा करार आहे का असे विचारायचे. नाव सांगायला टाळाटाळ झाली तर तिथेच उठून यावे. पैसे ऑनलाइन गेले असतील आणि फसवणूक झाल्याचे लक्षात आले, तर वेळ न दवडता १९३० या सायबर गुन्ह्यांच्या मदत क्रमांकावर तक्रार नोंदवा. जितक्या लवकर कळवाल तितकी रक्कम गोठवली जाण्याची शक्यता अधिक.

बाँडबद्दल, म्हणजे ठरावीक काळ नोकरी न सोडण्याच्या लेखी हमीबद्दल, मात्र मुलाने एक गोष्ट समजून घ्यावी. ‘बाँडला कोर्टात काही किंमत नसते’ असे मुले एकमेकांना सांगतात, ते पूर्ण खरे नाही. नोकरी सोडल्यावर दुसरीकडे काम करण्यास मनाई करणारी अट भारतीय करार कायदा, १८७२ च्या कलम २७ पुढे सहसा टिकत नाही. परंतु ठरावीक काळाआधी सोडल्यास वाजवी रक्कम भरण्याची अट टिकू शकते. मे २०२५ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने एका सार्वजनिक बँकेची तीन वर्षे नोकरी किंवा दोन लाख रुपये ही अट वैध ठरवली. म्हणून नावाजलेल्या कंपनीचा बाँड असला तरी रक्कम, मुदत आणि मुदत कोणत्या दिवसापासून मोजली जाते, हे वाचल्याशिवाय सही करू नये.

प्रश्न : तीन वर्षांच्या खंडानंतर मी पुन्हा मुलाखती देते आहे. तांत्रिक राउंड चांगले जातात, पण एचआर राउंडमध्ये “मूल लहान आहे, मग कसे जमवाल? दुसऱ्याचा विचार आहे का?” असे विचारतात. काय उत्तर द्यावे?
– एक वाचक, नंदनवन

उत्तर : हा प्रश्न विचारणे चूक आहे, आणि तो स्त्रियांनाच विचारला जातो यातच त्याचे उत्तर आहे. वेतन संहिता, २०१९ नुसार एकाच प्रकारच्या कामासाठी भरती करताना लिंगावरून भेदभाव करण्यास मनाई आहे. २०१७ च्या दुरुस्तीपासून पहिल्या दोन अपत्यांसाठी सव्वीस आठवड्यांची पगारी प्रसूती रजा मिळते, आणि काही कंपन्या तो खर्च टाळण्यासाठीच आडून चौकशी करतात, हे मी स्वतः बैठकांत ऐकले आहे.

तिथे बसून कायदा सुनावणे प्रत्येकीला परवडत नाही, हे मी जाणते. म्हणून घराचा तपशील न देता कामाचा तपशील द्या : “या पदासाठी कामाच्या वेळा कोणत्या आहेत? त्या वेळांत मी पूर्णपणे उपलब्ध असेन.” पुन्हा विचारले तर “या माहितीचा निवडीशी काय संबंध आहे, ते मला समजावून सांगाल का?” एवढेच विचारा. खंडाबद्दल मात्र स्वतःहून आणि एका वाक्यात बोला. त्या काळात काही शिकलात असाल तर त्याचा बांधून दाखवलेला छोटा प्रकल्प दहा स्पष्टीकरणांपेक्षा जास्त उपयोगी पडतो.

प्रश्न : माझे शिक्षण बारावीपर्यंत भंडारा जिल्ह्यात मराठी माध्यमात झाले. उत्तर माहीत असते, पण इंग्रजीत अडखळतो.
– एक वाचक, रविनगर

उत्तर : अडखळण्याने मुलाखत सहसा जात नाही, अडखळू या भीतीने उत्तर अर्धवट सोडल्याने जाते. स्वतःच्या प्रकल्पाबद्दल दोन मिनिटांचे निवेदन लहान वाक्यांत लिहून काढा : अडचण काय होती, माझ्याकडे काय काम होते, मी काय केले, त्यातून काय झाले. ते रोज मोठ्याने म्हणा, मोबाइलवर ध्वनिमुद्रित करून ऐका. बहुतेक प्रश्न याच चौकटीत बसवता येतात. प्रश्न कळला नाही तर परत विचारा. अगदीच अडले, तर “हा भाग हिंदीत सांगू का?” असे विचारून पाहा, आपल्या भागातल्या मुलांना हिंदी जवळची आहे, आणि तांत्रिक राउंडमध्ये बरेच पॅनेल होकार देतात.

प्रश्न : सहा लाखांचे पॅकेज सांगितले होते, पण महिन्याला पन्नास हजार हाती येत नाहीत असे मित्र म्हणतात. खरे आहे का?
– एक विद्यार्थी, हिंगणा रोड

उत्तर : खरे आहे. सीटीसी म्हणजे कंपनीचा तुमच्यावरचा एकूण खर्च. त्यात कंपनीच्या वाट्याचा पीएफ, ग्रॅच्युइटीची तरतूद, विम्याचा हप्ता आणि कामगिरीवर अवलंबून असलेला व्हेरिएबल भाग धरलेला असू शकतो. उदाहरणार्थ, मूळ पगार वीस हजार असेल, तर १२ टक्के दराने २,४०० रुपये पीएफ तुमच्याकडून कापला जातो, तेवढाच कंपनीच्या वाट्याचा सीटीसीत धरला जातो, आणि ४.८१ टक्के दराने सुमारे ९६२ रुपये ग्रॅच्युइटीपोटी दाखवले जातात. शिवाय व्यवसाय कर वर्षाला अडीच हजारांपर्यंत जातो. म्हणून आकडा ऐकून होकार देण्याआधी महिनावार फोड आणि व्हेरिएबल भाग मागच्या वर्षी प्रत्यक्षात किती टक्के दिला गेला, हे दोन्ही मागा.

प्रश्न : शेवटी “तुम्हाला काही विचारायचे आहे का?” असे म्हणतात. मी नेहमी “नो सर” म्हणतो. काही विचारले तर वाईट दिसते का?
– एक वाचक, मिहान परिसर

उत्तर : न विचारणेच जास्त वाईट दिसते. तांत्रिक पॅनेलला विचारा : पहिल्या तीन महिन्यांत मी कोणते काम करीन? टीममध्ये किती माणसे आहेत आणि रात्रीची किंवा सुट्टीच्या दिवसाची ऑन-कॉल पाळी (बिघाड झाल्यास लगेच हजर होण्याची) किती वेळा येते? कोड कोण तपासतो? एचआरला विचारा की, काम नागपुरातूनच करायचे आहे की काही महिन्यांनी पुण्याला किंवा हैदराबादला जावे लागेल, आणि ते ऑफर लेटरमध्ये लिहिलेले असेल का. मग शक्य झाल्यास व्यवस्थापकाला एक प्रश्न अवश्य विचारा : ही जागा नवी आहे की कोणी सोडून गेल्याने रिकामी झाली आहे, आणि गेलेली व्यक्ती किती काळ इथे होती? उत्तर सरळ आले तर चांगलेच. उत्तर देण्याआधी समोरचे दोघे एकमेकांकडे पाहू लागले, तर घरी परतताना मेट्रोत बसून ऑफर लेटरमधील नोटीस पिरियडचा परिच्छेद आणखी एकदा वाचा.